प्रदर्शन भरवा, पण आधी उधारी चुकती करा

तुमचा प्रश्न असा: साठ घरांची सोसायटी आहे, सात-आठ जण घरून काही ना काही धंदा करतात, त्यांच्यासाठी दिवाळीआधी दोन दिवसांचं प्रदर्शन भरवायचंय. त्याशिवाय आणखी काय करता येईल, आणि स्टॉलचं भाडं किती ठेवावं?

मी बडोद्यात दांडिया बाजारामागच्या एका गल्लीत राहते आणि अकरा वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेते. म्हणजे तुम्ही ज्यांना मदत करायला निघालाय त्यांच्यातलीच. तेव्हा टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते.

पहिल्या दिवाळीला माझ्या वहीत चौदा नावं उधारीची होती. चौदाही ओळखीची; परक्या एकानेही बाकी ठेवली नव्हती. "अगं, आपल्यात कसला हिशोब, देते की पुढच्या आठवड्यात." तो आठवडा तुळशीच्या लग्नापर्यंत लांबला. शिवाय घरचीच म्हणून किलोमागे वीस रुपये आधीच कमी करून घेतलेले. आता चाळीस किलो चकली म्हटली की तेलाचा जवळजवळ एक डबा नुसता चकल्याच पिऊन टाकतात. इथे गिऱ्हाइकाला सगळं सिंगतेलातलं लागतं (शेंगदाण्याचं तेल हो, बडोद्याचं मराठी असंच आहे), आणि सणाच्या तोंडावर डब्याचा भाव चढतो. किराणावाला मला उधार देत नाही. भाजणी दळून देणारा देत नाही. मदतीला येतात त्या मावशींना रोज संध्याकाळी पैसे लागतात. मग त्या चौदा घरांचा फराळ कुणाच्या पैशावर झाला? आमच्या ह्यांच्या पगारावर. धंदा माझा, आणि गल्लीला कर्ज देत होतं आमचं घर.

दुसऱ्या वर्षी घटस्थापनेला समोरच्या काकू आल्या. पाच किलोची यादी आणि निम्मे पैसे ओट्यावर ठेवले. म्हणाल्या, "भाव तू लावशील तो. फक्त मला धनत्रयोदशीच्या आत डबे भरून पाहिजेत, मुलगी पुण्याला नेणार आहे." खाली जाऊन त्यांनी आणखी कुणाकुणाला सांगितलं असावं, कारण दोन दिवसांत नऊ जणी आगाऊ रक्कम देऊन गेल्या. त्या पैशांतून मी तेलाचे तीन डबे भाव चढायच्या आत उचलले. अकरा वर्षांत मला कुणी केलेली सगळ्यात मोठी मदत तीच, आणि त्यात काकूंचा एक रुपयाही जास्तीचा गेला नाही.

हेच जरा मोठ्या प्रमाणावर करायचं तर भिशी आहे. आमच्यात बारा जणी आहेत, महिन्याला दोन हजार. एरवी चिठ्ठी काढतो, पण दिवाळीआधीच्या महिन्याची चिठ्ठी निघत नाही. ते चोवीस हजार धंदेवाल्या बाईचे, आळीपाळीने: एका वर्षी मी, एका वर्षी ब्लाउज शिवणारी वहिनी, एका वर्षी रांगोळीचे रंग आणून विकणारी. यावरून रुसवेफुगवेही झाले. एकीला मुलाच्या फीची चिंता होती, मग तिला जूनचा महिना ठरवून दिला.

ही अक्कल आमची नव्हे. याच शहरात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतात. ब्रिटिश हिंदुस्थानात अशा पतसंस्थांचा कायदा आला १९०४ साली, आणि सयाजीराव महाराजांची बँक ऑफ बडोदा १९०८ ची. म्हणजे कायद्याच्याही आधी इथल्या माणसांनी एकमेकांच्या ओळखीवर पैसा फिरवला होता. पुढे मंडळीची बँक झाली, पसारा वाढला, आणि आज ती बँक नाही. आमच्या भिशीत मी तेरावी बाई घेऊ देत नाही ती त्यामुळेच.

पैशाखालोखाल उपयोगाची म्हणजे जाणकार माणसाची एक दुपार. एका कंपनीने माझ्याकडून दिवाळीचे दीडशे डबे घेतले आणि पैसे दिले होळीनंतर. मी फोन करून करून थकले. आमच्या वरच्या मजल्यावर एक सीए राहतात, त्यांनी एका रविवारी बसवून माझी उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) करून दिली. ती ऑनलाइन होते, आधार आणि पॅनवर, आणि फुकट. मला एक एजंट दीड हजार सांगत होता! नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५. असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. माझ्या त्या जुन्या बिलाला याचा काही उपयोग झाला नाही, कारण नोंदणी नंतरची. पण पुढच्या वर्षीपासून बिलावर उद्यम क्रमांक छापते आणि खाली मुदतीची एक ओळ. व्याज मागायची वेळ अजून आलेली नाही. तुमच्या साठ घरांत एखादा सीए, एखादा वकील, एखादी बरे फोटो काढणारी मुलगी असणारच. त्यांची एकेक दुपार मागून घ्या.

आणि खरं बोला. ग्रुपवर अंगठे आणि फुलं पाठवणारे चाळीस जण होते; चिवडा आठव्या दिवशी सादळतो हे मला एकाच आजोबांनी तोंडावर सांगितलं. पिशव्या बदलल्या, चिवडा टिकायला लागला. 'आपल्याच माणसाकडून घ्या' या आवाहनावर एक दिवाळी निघते, दुसरी निघत नाही. माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं आज गुजराती आहेत, आणि तिथवर माझं नाव पोचवलं ते शाळेत नोकरी करणाऱ्या शेजारणीने, स्टाफरूममध्ये स्वतःचा डबा उघडून.

आता तुमचं प्रदर्शन. मी अशी बरीच केली. पहिल्यात दीड हजार भाडं भरलं, शेजारीच आणखी तीन चकलीवाल्या बसवलेल्या, आणि लोक चारही टेबलांवर चव घेत घेत गेटपर्यंत पोचले. फुकट ते पौष्टिक. तेव्हा एका वस्तूचे दोनच्या वर स्टॉल देऊ नका. चवीची बशी आयोजकांच्या खर्चाने ठेवा. जागेवर विक्री किती झाली यापेक्षा प्रत्येक टेबलावर ऑर्डरीची वही ठेवा आणि निम्मे पैसे आगाऊ घ्यायचा नियम सोसायटीच्या नावाने लावा. आम्हाला तो स्वतःच्या तोंडाने सांगायला अवघड जातं, सेक्रेटरींनी लावलेल्या पाटीवर मात्र कुणी वाद घालत नाही. आधीच्या वर्षाची कुणाची बाकी असेल तर ती चुकती केल्याशिवाय नवी ऑर्डर नाही, हेही त्याच पाटीवर येऊ दे.

भाडं आधी घेऊच नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेबलं आवरताना वही बघून ठरवा, आणि जिची वही कोरी राहिली तिच्याकडून काही घेऊ नका.