यादीत राहून गेलेलं नाव

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. मांडवीचे कागदवाले शेठ, ज्यांचं नाव घेणेकऱ्यांच्या यादीत लिहायचं तू विसरलास, जुनं बिल घेऊन दारात उभे राहिले आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली, हे वाचून फार वाईट वाटलं.

आधी भीती काढून टाक. तुझी नादारी, म्हणजे कर्ज फेडता येत नाही म्हणून केलेला अर्ज, १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली बडोद्याच्या जिल्हा न्यायालयात चालली. त्या कायद्याचं ४४ वं कलम असं आहे की, नादार ठरताना अंगावर असलेली आणि रिसीव्हरपुढे, म्हणजे मालमत्ता विकून वाटायला कोर्टाने नेमलेल्या माणसापुढे, शाबीत करता येण्यासारखी सगळी देणी कर्जमुक्तीच्या हुकुमाने सुटतात. 'शाबीत करता येण्यासारखी' हे शब्द पुन्हा वाच. शेठचं नाव यादीत होतं की नव्हतं, यावर सुटका टांगलेली नाही. सरकारी देणं, फसवणुकीने केलेलं कर्ज, कोर्टाने ठरवलेली पोटगी, अशी देणी मागे राहतात. छापखान्यासाठी उधारीवर घेतलेला कागद त्यात येत नाही.

नाव तू मुद्दाम दडवलं असतंस, तर मी वेगळंच पत्र लिहिलं असतं, कारण ती लबाडी गुन्हा ठरते. पण २०१९ च्या जुलैअखेरच्या पावसात दुकानात पाणी शिरलं, चोपड्यांचा लगदा झाला आणि यादी तू आठवणीने लिहिलीस, हे मला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र आजच बघ. या उधारीला तुझे मामा जामीन होते का? तुझ्या मुक्तीने जामीन सुटत नाही, शेठ त्यांच्याकडे मागू शकतात. वकिलीत मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे कर्ज घेणारा मोकळा झाला आणि जामीन राहिलेल्या नातेवाइकाच्या नावे समन्स आलं. तसं असेल तर शेठच्या आधी मामांकडे जा आणि त्यांना ही बातमी तुझ्याच तोंडून कळू दे. बिलाची तारीख आणि शेवटचा भरणा कधी झाला, तेही लिहून आण. अशा दाव्याला ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे तारखांवर बरंच अवलंबून आहे.

आता शेठचा राग. रिसीव्हरने तुझं मशीन आणि कटर विकून जे आलं ते घेणेकऱ्यांत वाटलं. शेठना कुणी कळवलंच नाही. मुक्तीच्या हुकुमाआधी कधीही पुरावा देऊन त्यांना यादीत नाव घालून घेता आलं असतं. ती संधी तुझ्या विसरण्याने गेली. बाकी सगळ्यांच्या पदरात थोडं तरी पडलं, त्यांच्या नाही. हे त्यांचं खरंखुरं नुकसान आहे आणि त्यांनी चिडावं यात मला काही गैर वाटत नाही.

म्हणून नोटीस वगैरे पाठवू नकोस. सकाळी दुकान उघडताना स्वतः जा, हुकुमाची नक्कल दाखव, नाव कसं राहिलं ते सरळ सांग, माफी माग. पण तिथे बसून काही लिहून देऊ नकोस. भिडेपोटी पुढच्या तारखेचा चेक तर मुळीच नको. तो वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेकच्या कायद्याच्या) १३८ कलमाखाली फौजदारी मागे लागेल आणि मिटलेलं देणं नव्या कागदावर उभं राहील.

तुला त्यांना काही द्यावंसं वाटतं, असं तू लिहिलंस. जरूर दे, मला आनंदच होईल. मात्र घरखर्च भागल्यावर, आधी ठरवून, बँकेतून दे. किती, ते मी सुचवतो: इतर घेणेकऱ्यांना रुपयामागे जे मिळालं, त्याच दराने शेठच्या बिलावर होईल तेवढं. यादीत नाव असतं तर जवळपास तेवढंच त्यांना मिळालं असतं. त्यापुढे द्यायचं की नाही, ते तुझी कमाई बघून नंतर ठरव.

रविवारी सकाळी दांडिया बाजारात माझ्याकडे ये. येताना हुकूम, रिसीव्हरचा वाटपाचा तक्ता आणि शेठच्या बिलाचा फोटो आण. आकडा आपण दोघं मिळून काढू, म्हणजे सोमवारी तुला शेठकडे जाता येईल.

तुझा,
वकीलकाका