प्रवास-प्रश्नोत्तरे : उरुग्वेत लिफ्ट मागत फिरावे का?

दक्षिण अमेरिकेत कमी खर्चात कसे फिरावे, अशी विचारणा करणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत बरीच आली. त्यांपैकी उरुग्वेविषयीची पत्रे या अंकासाठी निवडली आहेत.

प्रश्न : मी आणि माझा मित्र जानेवारीत तीन आठवडे उरुग्वेत फिरणार आहोत. खर्च वाचावा म्हणून सगळा प्रवास लिफ्ट मागतच करायचा विचार आहे. तेथे लिफ्ट मिळते का, आणि त्यामुळे खर्चात कितपत फरक पडेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लिफ्ट मिळते, आणि शेजारच्या मोठ्या देशांच्या मानाने सहज मिळते. रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून उभे राहणारा माणूस तेथे परदेशीच असतो असे नाही. खेड्यापाड्यांतली स्थानिक माणसेही असाच प्रवास करतात. जानेवारी २०१५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका आणि त्यांच्या पत्नी लुसिया तोपोलान्स्की यांनी कोलोनिया प्रांतात रस्त्यावर उभ्या असलेल्या एका कामगाराला आपल्या गाडीत घेतले होते, आणि ती बातमी जगभर छापून आली होती.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. उरुग्वेचे क्षेत्रफळ सुमारे १,७६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक आहे, आणि लोकसंख्या जेमतेम ३५ लाख आहे. राजधानी मोंतेविदेओपासून पश्चिमेचे कोलोनिया सुमारे १८० किलोमीटरवर, तर ब्राझीलच्या हद्दीवरचे चुय सुमारे ३४० किलोमीटरवर आहे. एवढी अंतरे बस एका दिवसात आरामात कापते, आणि मोंतेविदेओच्या त्रेस क्रूसेस बसस्थानकावरून सर्व दिशांना वक्तशीर, स्वच्छ गाड्या सुटतात. त्यामुळे लिफ्ट घेऊन वाचते ते फक्त मधल्या पल्ल्याच्या बसचे भाडे. खिसा रिकामा होतो तो मुक्कामाने आणि जेवणाने, कारण उरुग्वे हा दक्षिण अमेरिकेतील महागड्या देशांपैकी एक आहे. त्यातही तुम्ही निवडलेला जानेवारी महिना सर्वांत महाग, कारण तो तिकडचा ऐन उन्हाळा असतो आणि मोंतेविदेओ व शेजारच्या अर्जेंटिनातील बुएनोस आइरेस या दोन्ही शहरांतले सुट्टीकर समुद्रकिनाऱ्यावर लोटतात. ज्या महिन्यात किनाऱ्याच्या रस्त्यावर लिफ्ट झटपट मिळते, त्याच महिन्यात वसतिगृहातील एका खाटेचा दर इतका चढतो की वाचवलेले बसभाडे एका रात्रीत निघून जाते.

जाणे मार्चवर ढकलता आले तर जरूर ढकला. हवा तेव्हाही उबदार असते, पाणी पोहण्याजोगे असते आणि दर उतरलेले असतात. ईस्टरच्या आधीचा आठवडा मात्र टाळा. उरुग्वेने १९१९ पासून धर्मसंस्था राज्यकारभारापासून वेगळी ठेवली असल्याने सरकारी दिनदर्शिकेत तो 'पर्यटन सप्ताह' म्हणून येतो, आणि नावाला जागून अख्खा देश त्या आठवड्यात पर्यटनाला निघतो.

जानेवारीतच जायचे असेल तर तंबू बरोबर न्या. चुयच्या अलीकडे असलेल्या सांता तेरेसा राष्ट्रीय उद्यानाची व्यवस्था लष्कराकडे आहे. तेथे समुद्रालगतच्या झाडीत तंबू ठोकण्यासाठी आखलेल्या जागा आहेत आणि जवळच पोर्तुगीजांनी १७६२ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आहे. नोंदणीकृत हॉटेलात उतरलात तर नोंद करताना पासपोर्ट दाखवा, कारण परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाला मूल्यवर्धित करातून सूट मिळते.

आता लिफ्टविषयी थोडे व्यवहाराचे. मोंतेविदेओच्या आत उभे राहून वेळ घालवू नका. शहराची हद्द बसनेच ओलांडा. त्यानंतर क्रमांक ९ आणि १० हे पूर्वेकडचे महामार्ग तुमच्या कामाचे आहेत. उभे राहायचे ते बसथांब्याजवळ, कारण आंतरशहरी बस हात दाखवल्यावर तेथे थांबते. तासाभरात कोणी गाडी थांबवली नाही तर पहिली बस पकडून पुढे जाता येते. देशाच्या अंतर्भागात, विशेषतः ताकुआरेंबोच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या २६ क्रमांकाच्या रस्त्यावर, वाहने इतकी तुरळक असतात की हा बेत तेथे करू नये. आणि गाडीत बसल्यावर चालकाने माते, म्हणजे नळीने ओढून प्यायचा कडू हिरवा काढा, पुढे केला तर घ्यावा. एकच नळी सर्वांत फिरते, हे आपल्याकडच्या उष्ट्या-खरकट्याच्या संस्कारात वाढलेल्याला जड जाते, पण शक्य असल्यास ते बाजूला ठेवावे. प्रत्येक घोटानंतर 'ग्रासियास' (धन्यवाद) म्हणू नये. त्याचा अर्थ 'मला आता पुरे' असा घेतला जातो आणि पुढची पाळी तुम्हाला वगळून जाते.

प्रश्न : मी एकटी प्रवास करते. उरुग्वे सुरक्षित आहे असे वाचले आहे. मी लिफ्ट घ्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : देश तुलनेने सुरक्षित आहे हे खरे, पण ती सरासरीची गोष्ट झाली, आणि तुम्ही ज्या गाडीत बसणार ती एकच असते. एकट्या स्त्रीने लिफ्ट घ्यावी असे मी सुचवणार नाही. ज्या देशात बस चांगली आहे आणि अंतरे थोडी आहेत, तेथे ही जोखीम घेण्याइतकी बचतही होत नाही. वसतिगृहात सोबत मिळाली आणि दोघी-तिघींनी मिळून दिवसाउजेडी किनाऱ्यावरचा छोटा पल्ला गाठायचा ठरवला, तर गोष्ट वेगळी. मोंतेविदेओच्या जुन्या शहरात रात्री रिकाम्या गल्ल्यांतून चालणे टाळा. आपत्कालीन क्रमांक ९११ आहे.

प्रश्न : आम्ही दोघे शाकाहारी आहोत. मांसाहारी देशात स्वस्तात पोट कसे भरायचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : उरुग्वेत माणसांपेक्षा गुरे तिपटीहून अधिक आहेत, तेव्हा तुमची काळजी रास्त आहे. तरीही इटलीतून आलेल्या स्थलांतरितांमुळे तुमची बऱ्यापैकी सोय झाली आहे. पिझ्झेरियात 'फाइना' मागा : हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली ही जाडसर पोळी स्वस्त आणि पोटभरीची असते. मऊ पाटवडी भट्टीत भाजली तर जशी लागेल, साधारण तशी तिची चव. चीजच्या पिझ्झ्याच्या तुकड्यावर ती ठेवून खाण्याची तेथे पद्धत आहे. दर महिन्याच्या २९ तारखेला न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, खाण्याचा रिवाज आहे आणि त्या दिवशी साध्या खानावळींतही ते मिळतात. मात्र वरच्या रश्शात मांस नाही ना, हे विचारून घ्या. 'पास्कुआलिना' या पालेभाजी भरून भाजलेल्या पेस्ट्रीत अंडे असते. पावसाळी दिवशी रस्तोरस्ती तळली जाणारी 'तोर्ता फ्रीता' दिसायला आपल्या पुरीच्या जवळची असली, तरी ती परंपरेने गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे ती तुमच्यासाठी नाही. नुसते 'मांस नको' म्हटल्यास हॅम घातलेला पदार्थ समोर येऊ शकतो, म्हणून 'सिन कार्ने, सिन हामोन' असे दोन्ही स्पष्ट सांगावे.

सर्वांत स्वस्त उपाय अर्थातच स्वतः रांधण्याचा. स्वयंपाकघर असलेले वसतिगृह निवडा, मोंतेविदेओत रविवार असेल तर त्रिस्तान नारवाहा रस्त्यावरच्या बाजारातून भाजी व फळे घ्या, आणि मसाला घरून न्या.

प्रश्न : काबो पोलोनियो या समुद्रकाठच्या वस्तीला लिफ्टने जाता येते का? तेथे वीज नाही हे खरे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : प्रवेशद्वारापर्यंत जाता येते, पुढे नाही. हे प्रवेशद्वार १० क्रमांकाच्या महामार्गावर २६४.५ किलोमीटरच्या खुणेजवळ आहे. २००९ पासून परिसर राष्ट्रीय उद्यान असल्याने तेथून पुढे खासगी गाड्यांना मज्जाव आहे. वाळूच्या टेकड्यांमधला सुमारे सात किलोमीटरचा टप्पा उंच चाकांचे ट्रक भाडे घेऊन पार करतात. पैसे वाचवायचे आणि पाय धडधाकट असतील, तर बारा दे वालिसास या शेजारच्या गावातून नावेने ओढा ओलांडून वाळूतून चालत जाता येते. पाणी आणि टोपी न घेता निघू नका, कारण वाटेत सावली नाही. वस्तीत सार्वजनिक वीजजोडण्या नाहीत. दीपगृह १८८१ मधले आहे, आणि त्याच्या पायथ्याशी खडकांवर समुद्रसिंह पडलेले असतात. रोख रक्कम बरोबर ठेवा. उन्हाळ्यात मुक्कामाचे दर तेथेही चढे असतात, म्हणून बेताच्या खिशाच्या माणसाने सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे असे माझे मत आहे; आकाश निरभ्र आणि रात्र अमावास्येच्या आसपासची असेल तर मात्र एका रात्रीचा खर्च सोसावा.

प्रश्न : उरुग्वेतून लिफ्टने ब्राझीलमध्ये उतरायचे आहे. कागदपत्रांची काय काळजी घ्यावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : भारतीय पासपोर्टधारकाला उरुग्वेचा व्हिसा लागतो. त्या देशाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. नियम बदलतात, म्हणून अर्जाआधी तेथेच चौकशी करा. ब्राझीलचा व्हिसा वेगळा, आणि तो निघण्यापूर्वी हाती असावा.

चुय गावात सीमा म्हणजे एक रुंद रस्ता आहे. एका बाजूची दुकाने उरुग्वेची, समोरची ब्राझीलची, आणि मधून लोक बिनदिक्कत ये-जा करतात. पासपोर्टवर शिक्का मारणारी कार्यालये या रस्त्यावर नसून गावाबाहेर महामार्गावर आहेत. स्थानिक चालकाला तेथे थांबण्याचे कारण नसते, त्यामुळे गाडीत बसतानाच त्याला सांगून ठेवा की उरुग्वेतून बाहेर पडल्याचा शिक्का घेण्यासाठी उतरावे लागेल. तो थांबायला तयार नसेल तर ती लिफ्ट सोडून द्या.

दुसरी गोष्ट पीतज्वराची (यलो फीव्हर). भारत सरकारच्या यादीत ब्राझील हा पीतज्वराचा देश आहे. तेथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत लसीच्या प्रमाणपत्राविना भारतात उतरल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते, तेव्हा लस प्रस्थानाच्या किमान दोन आठवडे आधी घ्या.