वाचकांचे प्रश्न : आफ्रिकेतलं सिमेंट, माती आणि पाणी

आफ्रिकेत बांधकामावर असलेल्या, किंवा ज्यांची माणसं तिकडे कामाला आहेत अशा मराठी वाचकांचे हे निवडक प्रश्न. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: क्लिंकर (चुनखडी भट्टीत भाजून केलेले खडे, जे दळून सिमेंट होतं) कमी वापरून पक्कं काम कसं होईल?

प्रश्न : टेमा (घाना) इथल्या आमच्या साइटवर भाजलेली चिकणमाती मिसळलेलं सिमेंट येऊ लागलं आहे. एका खेपेची छटा जरा लालसर होती. मिस्त्री म्हणतो, विटांचा भुगा घातलाय. स्लॅब-कॉलमला हे वापरावं का?

उत्तर : वापरा, पण आधी रंगावरून पारख करणं थांबवा. मातीत लोह असतं. भट्टीतून निघून हवेत थंड झालं की ते विटेसारखं लाल होतं. थंड होताना ऑक्सिजन कमी ठेवला तर तेच लोह काळपट होतं आणि सिमेंट राखाडी दिसतं. हा खटाटोप केवळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी आहे, ताकदीशी त्याचा संबंध नाही. पोत्यावरचा प्रकार, ताकदीचा वर्ग आणि तुमच्या क्यूबचा (दाबून तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) निकाल या तीन गोष्टी पाहा.

मिस्त्रीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आपल्याकडे चुन्यात सुरखी (विटांची पूड) घालत, ती याच जातीची. मात्र कारखान्यात माती निवडून घेतात. त्यात केओलिनाइट हे खनिज ४० टक्क्यांच्या पुढे असलं की काम चांगलं होतं. ती ७०० ते ८५० अंशांना भाजतात. त्याहून कमी तापमानाला खनिजातलं पाणी पुरतं सुटत नाही, आणि ९५० च्या पुढे गेलं की माती पुन्हा स्फटिकरूप घेऊन निष्क्रिय होते. क्लिंकरला १४५० अंश लागतात. शिवाय चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. टनभर क्लिंकरमागे साधारण ८५० किलो वायू हवेत जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त चुनखडीचा असतो. इंधन बदलून तो भाग टळत नाही. मातीतून निघते ती फक्त वाफ.

घानाच्या बाबतीत तर हिशोब आणखी सरळ आहे. देशातल्या चुनखडीवर गरज भागत नाही, म्हणून टेमा आणि ताकोराडी बंदरांतून क्लिंकर आयात होतं. माती मात्र पायाखालीच आहे. कुमासीच्या इमारत व रस्ते संशोधन संस्थेने मातीच्या पोझोलानावर (चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारख्या घट्ट होणाऱ्या पुडीवर) खूप आधीपासून काम केलंय, आणि आता टेमात 'सुपासेम' बनवणाऱ्या सीबीआय घाना कंपनीचा माती भाजण्याचा मोठा प्रकल्प उभा आहे. या जातीच्या सिमेंटचं नमुन्याचं प्रमाण असं: क्लिंकर ५०, भाजलेली माती ३०, न भाजलेली चुनखडी १५, जिप्सम ५ टक्के. भारतीय मानक संस्थेने अशा सिमेंटसाठी २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे स्वतंत्र मानक काढलं. तुमच्या पोत्यातलं प्रमाण वेगळं असू शकतं, तेव्हा पुरवठादाराकडून चाचणीचा दाखला मागून घ्या.

साइटवर घोळ होतो तो पाण्याचा. भाजलेल्या मातीचे कण बारीक आणि पापुद्र्यासारखे असतात, त्यामुळे त्याच पाण्यात माल घट्ट वाटतो. मग मिक्सरवाला बादली उचलतो. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी ठरलं असताना ५ लिटर जास्त गेलं, तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५ वरून ०.६ वर जातं आणि ताकद पाचव्या हिश्श्याने तरी उतरते. त्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा. मात्र डबा उघडून अंदाजाने ओतू नका. काही प्लास्टिसायझर मातीच्या कणांवरच चिकटून वाया जातात. तेव्हा तुमच्याच सिमेंटवर लहान घाणी करून बघा आणि ४५ मिनिटांनी स्लंप (माल किती सैल आहे याचं माप) पुन्हा मोजा. सुरुवातीला छान आणि अर्ध्या तासात दगड, असं होत असेल तर ती जोडी जमत नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत ताकद सावकाश येते, सातव्या दिवसापर्यंत साध्या सिमेंटच्या जवळ पोचते. कॉलमच्या फळ्या काढायची घाई करू नका. टेमा समुद्राकाठी असल्याने तुमचा एक मोठा फायदा आहे: या काँक्रीटमधून क्षार फार हळू आत शिरतात, सळई जास्त वर्षं टिकते. उलट बाजूही सांगायला हवी. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला हे काँक्रीट साध्यापेक्षा कमी रोखतं. त्यामुळे कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) चोरलेले पातळ छज्जे आणि पडद्या आधी गंजतील. समुद्राकडच्या कॉलमला ४५ ते ५० मिमी कव्हर द्या आणि कव्हर ब्लॉक खडीच्या तुकड्यांचे नकोत, त्याच काँक्रीटचे पाडा.

आणि हो, शेजारच्या वीटभट्टीतला भुगा आणून साइटवर सिमेंटमध्ये मिसळण्याचा मोह टाळा. कोणत्या तापमानाला भाजला, किती दळला, जिप्सम पुरेल का, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं.

प्रश्न : दारेसलामला (टांझानिया) रुजू झालो आहे. इथल्या पोत्यांवर 'सीईएम २/बी-पी ३२.५' असं काहीबाही लिहिलेलं असतं. आपल्या ४३ किंवा ५३ ग्रेडशी ते कसं जुळवायचं?

उत्तर : सरळ जुळवू नका. ही युरोपीय पद्धतीची भाषा आहे. 'सीईएम १' म्हणजे जवळपास निव्वळ क्लिंकर. '२/ए' मध्ये ६ ते २० टक्के दुसरा पदार्थ, '२/बी' मध्ये २१ ते ३५. 'पी' म्हणजे नैसर्गिक पोझोलाना, 'व्ही' फ्लाय अॅश (कोळशाची राख), 'एस' स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), 'एल' चुनखडी, 'क्यू' भाजलेली माती. पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीच्या पट्ट्यात ज्वालामुखीची राख आणि प्युमिस भरपूर, म्हणून टांझानिया, केनिया, युगांडा, इथिओपियात 'पी' ठिकठिकाणी दिसेल. फ्लाय अॅश मुबलक आहे ती दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या कोळशाच्या वीजकेंद्रांमुळे.

३२.५ आणि ४२.५ हे २८ दिवसांच्या ताकदीचे आकडे आहेत, पण चाचणी वेगळी आहे. तिकडे ०.५ पाणी-सिमेंट गुणोत्तराची लांबट कांडी मोडून तिचे अर्धे दाबतात, आपल्याकडे बऱ्याच कमी पाण्यातला मॉर्टर क्यूब दाबतात. त्यामुळे तिकडचं ४२.५ आपल्या पद्धतीने तपासलं तर आकडा चढाच येईल. भारतातलं मिक्स डिझाइन तसंच्या तसं उचललंत तर सिमेंट उगाच जास्त जातं.

३२.५ ठेवा गिलावा, बांधकामाचा मसाला आणि जमिनीखालच्या पीसीसीला (बिनसळईच्या काँक्रीटला). कॉलम, बीम, स्लॅबला ४२.५. नायजेरियात इमारती कोसळण्यावरून बरंच वादंग झालं आणि २०१४ मध्ये तिथल्या मानक संस्थेने ३२.५ चा वापर गिलाव्यापुरता मर्यादित केला. खरं तर पडलेल्या इमारतींत पाणी, सळई आणि मंजुरीविना चढवलेले मजले यांचाही वाटा होता. सगळा दोष पोत्यावर टाकणं सोयीचं होतं.

सिमेंट वाचवायचंच असेल तर १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) चा नाद सोडा. त्यात घनमीटरला आठेक पोती जातात. खडीची प्रतवारी नीट करून डिझाइन मिक्स लावलं तर त्याच ताकदीला पोतंभर तरी सहज वाचतं. हा फायदा कोणत्याही हिरव्या लेबलाशिवाय मिळतो.

प्रश्न : युगांडात शाळेच्या चार खोल्या बांधायच्या आहेत. भाजलेल्या विटांसाठी झाडं तोडावी लागतात, म्हणून दाबयंत्रावरचे मातीचे इंटरलॉकिंग ब्लॉक सुचवले गेले. माती कशी तपासायची, सिमेंट किती घालायचं?

उत्तर : निवड चांगली आहे. तिथल्या गावठी विटा वेड्यावाकड्या असतात, सांधे दोन-तीन सेंटिमीटरचे भरावे लागतात, म्हणजे लाकूडही जातं आणि मसाल्यात सिमेंटही. इंटरलॉकिंग ब्लॉकला मसाला जवळजवळ लागत नाही.

वरची मुळ्याकुजक्याची माती पूर्ण काढा आणि खालची तांबडी, मुरमाड माती घ्या. काळी माती नको. नैरोबीच्या आसपासच्या पठारावरची काळी माती आपल्या कापसाच्या जमिनीसारखीच फुगते आणि आक्रसते, सिमेंट तिला आवरू शकत नाही. माती ५ ते ६ मिमीच्या जाळीतून चाळा.

मग पेटीची चाचणी. आतून ६० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, ४ सेंमी खोल अशी लाकडी पेटी करा, आतून तेल लावा. माती ओली करून कोपऱ्यांपर्यंत ठासून भरा आणि तीन दिवस उन्हात वाळवा. वाळलेला पट्टा एका टोकाला सरकवून दुसऱ्या टोकाची फट मोजा. १५ मिमीच्या आत असेल तर एका भाग सिमेंटला १८ भाग माती. १५ ते ३० असेल तर १६ भाग, ३० ते ४५ ला १४, आणि ४५ ते ६० ला १२. त्याच्या पुढे गेली तर माती फार चिकट आहे. सिमेंट वाढवत बसू नका, वाळू मिसळून चाचणी पुन्हा करा. हेच प्रमाण न तपासता सरसकट १:१० ठेवणारे ठेकेदार निष्कारण सिमेंट खर्च करतात.

मोजमाप फावड्याने नको. ४० × ३५ × २५ सेंमीचा फरा (मापाची पेटी) ३५ लिटरचा होतो आणि एक पोतं सिमेंट साधारण तेवढंच भरतं. १:१८ म्हणजे एका पोत्याला १८ फरे माती. २६.५ × १४ × १० सेंमीचा ब्लॉक वाळल्यावर सातेक किलोचा असतो, त्या हिशोबाने पोत्याला ११० ते १२० ब्लॉक निघावेत. ८० च निघत असतील तर माप कुठेतरी चुकतंय. पूर्ण पोत्याची घाणी मात्र एकदम करू नका. कोरडं मिसळून झाल्यावर पाणी घातलं की तासाभरात माल संपला पाहिजे. हाताच्या यंत्रावर पाव पोत्याची घाणी बरी.

पाण्याचा अंदाज मुठीने घ्या. मुठीत दाबलेला गोळा खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-सहा तुकडे झाले तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी, आणि न फुटता चपटा झाला तर जास्त.

सर्वांत जास्त ब्लॉक बिघडतात ते दाबून झाल्यावर. मजूर ते उन्हात मांडून ठेवतात, कारण विटा तशाच सुकवायची सवय असते. सिमेंटचा ब्लॉक सुकवायचा नसतो. पहिले सात दिवस प्लास्टिकखाली ओला ठेवा, दिवसातून दोनदा पाणी शिंपडा, थप्पी पाच थरांपेक्षा उंच नको. नंतरचे तीन आठवडे सावलीत, झाकून. २८ दिवसांआधी भिंतीत घालू नका. नाहीतर पुढे कडा झडतात, ब्लॉक हातात भुरभुरतो, आणि दोष मातीला दिला जातो.

भिंतीला दोन जागी जपा. जोतं दगडाचं किंवा काँक्रीटचं, जमिनीपासून किमान ३० सेंमी वर. आणि छपराची पाघोळी ६० सेंमी बाहेर. पावसाचा शिंतोडा खालच्या थरांना खातो. बुर्किना फासोतल्या गांदो गावची शाळा (२००१) याचं उत्तम उदाहरण. फ्रान्सिस केरे यांनी दाबलेल्या मातीच्या ब्लॉकच्या भिंतींवर पत्र्याचं छप्पर उचलून, बाहेर काढून बसवलं. भिंती पावसापासून वाचल्या आणि वर्गांतली गरम हवाही निघून जाते.

प्रश्न : आम्ही गोंदियाचे. भाऊ केनियात म्वेआ भागात भातगिरणीवर आहे. बॉयलरमधल्या तुसाची राख सिमेंटमध्ये मिसळता येते का?

उत्तर : येते, पण बॉयलरची प्रत्येक राख चालत नाही. १०० किलो तुसापासून सुमारे २० किलो राख निघते आणि तिच्यात ८५ ते ९० टक्के सिलिका असते. तूस ५०० ते ७०० अंशांत सावकाश जळलं तर सिलिका सक्रिय राहते. जास्त तापली की स्फटिक होते आणि नुसती बारीक वाळू हाती येते. राख काळी असेल तर कोळसा उरलाय, तो पाणी पितो. गुलाबी झाक असेल तर फार तापली आहे. फिकट राखाडी ती कामाची. ती बॉल मिलमध्ये सिमेंटइतकी बारीक दळावीच लागते. न दळता घातली तर ताकद घटते. दळलेली राख १० टक्क्यांपासून सुरू करा, १५ च्या पुढे जाऊ नका. आधी राख नसलेल्या क्यूबशी ७ आणि २८ दिवसांची तुलना करा. पहिले प्रयोग ब्लॉक आणि पेव्हरवर करा, स्लॅबवर नकोत. गोंदिया-भंडाऱ्याच्या गिरण्यांनाही हेच लागू.

प्रश्न : कानो (उत्तर नायजेरिया) इथे डिसेंबरात ओतलेल्या स्लॅबवर संध्याकाळपर्यंत तडे दिसले. सिमेंट खराब होतं का?

उत्तर : बहुधा नाही. त्या दिवसांत सहाराकडून हरमाटन हा कोरडा, धुळकट वारा वाहतो. दुपार फार तापलेली नसली तरी हवा इतकी कोरडी असते की पृष्ठभागावरचं पाणी वर येण्यापेक्षा वेगाने उडतं आणि कच्चं काँक्रीट फाटतं. तडे एकमेकांना समांतर, फूट-दीड फुटाच्या अंतराने असतील तर हेच कारण. सळईच्या रेषेवरच उमटले असतील तर माल खाली बसल्यामुळे.

पुढच्या वेळी काम दुपारी चारनंतर सुरू करा. सेंटरिंग आणि खडी आधी भिजवा, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा. रंधा फिरवून झाला की लगेच प्लास्टिक अंथरून कडा वाळूने दाबा. 'सकाळी पाणी मारू' म्हणून थांबू नका. तडे सेट व्हायच्या आत दिसले तर पुन्हा ठोकून रंधा मारता येतो, नंतर नाही. पोझोलानाच्या सिमेंटला ओलावा किमान १० दिवस, अशा हवेत १४ दिवस ठेवा. पाणी टँकरने येत असेल तर गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक ही जोडी वापरा. उघड्यावर फवारलेलं पाणी तासाभरात उडून जातं.

प्रश्न : मोंबासाला समुद्रकाठची वाळू फुकट मिळते. धुऊन वापरली तर?

उत्तर : सळईच्या कामात नको. धुतल्यावर क्षार किती उरला हे प्रत्येक खेपेला प्रयोगशाळेत तपासणार असाल तरच विचार करा, आणि तेवढा खर्च करायचाच तर खाणीतली दगडी कच चाळून घेणं स्वस्त पडतं. नदीची वाळूही हिशोबानेच घ्या. केनियात माकुएनी जिल्ह्याने तिच्या उपशासाठी २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे, त्यामुळे पावती नसलेला ट्रक साइटवर घेऊ नका. कच वापरताना धूळ जास्त असेल तर पुन्हा पाणी वाढतं. म्हणून तिच्यात थोडी धुतलेली नदीची वाळू मिसळा आणि स्लंप बघून प्रमाण ठरवा.