कलेवर खर्च करून समाजाच्या पदरात काय पडतं? मिरजेच्या तंबोऱ्याचा हिशेब

तुमचा प्रश्न असा: शाळा-दवाखान्यांना पैसा पुरत नाही, मग कला-संस्कृतीवर खर्च कशाला?

नुसता ‘संस्कृती’ शब्द धरून बसलं तर वाद हवेतच राहतो. त्यापेक्षा एक वस्तू समोर घेऊ, मिरजेचा तंबोरा, म्हणजे गाण्यामागे सूर धरणारा तानपुरा.

तो सुरू होतो सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात. तिथला कडू भोपळा भाजीत चालत नाही, म्हणजे त्याला गिऱ्हाईक फक्त वाद्यवाला. मोठा, गोल आणि जाड सालीचा हवा; डागी किंवा किडका असेल तर सतारमेकर हात लावत नाही. मिरजेत मागणी घटली की शेतकरी त्या जागी दुसरं पीक घेतो, आणि मग पैसे मोजूनही हवा तसा भोपळा मिळत नाही.

वाळलेला भोपळा भिजवून मऊ करतात, कापून बिया काढतात, आत बांबूच्या काटक्यांचे टेकू देऊन तोंड फाकवतात आणि परत वाळवतात. इथे घाई केली तर वाद्य तयार झाल्यावर भोपळा आकसतो, सांधा उघडतो. त्यावर गळा, पोकळ दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी झाकणी, चढते, बहुतेक तुणीच्या लाकडाची. तबली जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणानं घोडीखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली, बसते.

खरी किंमत मात्र जवारीला, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा आवाज खुलवण्याला. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो आणि तार त्या उताराला निसटती टेकावी लागते. कारागीर कानशीनं दोन हात मारतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, परत घासतो. जास्त गेलं तर तार खरखरते, कमी पडलं तर आवाज बंद. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका जागी आल्यावर आवाज एकदम फुलतो. वापरानं तारेची खाच पडते, म्हणून जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. हे काम कान आणि बोटं मिळून करतात. मापं लिहून ठेवून भागत नाही. रोज वाद्य हाताखाली आलं तरच ते पुढच्या पोराच्या हातात उतरतं.

आता मिळतं काय? नीट जुळलेल्या तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची, तार छेडली की कुणी न वाजवलेला गंधार (‘ग’ हा सूर) त्यातून ऐकू येतो. गाणाऱ्याचा कान त्यावर तयार होतो. फोनच्या बोटभर स्पीकरमधून खर्जच धड बाहेर पडत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि ॲप यांच्याशी माझं भांडण नाही, प्रवासात आणि रियाजाला ते सोयीचेच आहेत. पण वर्गातही तेच आले की आधी दुरुस्ती थांबते, मग नवी मागणी, मग शिकाऊ पोरगा दुसरी नोकरी धरतो.

हा धंदा उभा राहिला तोही गिऱ्हाइकावरच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यं बनवण्याच्या या कामात आले. संस्थानिकांचा आश्रय होता, पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे गावोगाव गाण्याचे वर्ग निघाले. म्हणजे शिकवण्यावरचा खर्च फिरून कारागिराच्या, आणि त्याच्यामार्फत भोपळेवाल्या शेतकऱ्याच्या घरी पोचला. दवाखान्याविरुद्ध तंबोरा अशी ही लढत नाहीच. (मिरज तर दवाखान्यांचंही गाव!)

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, बाहेरचा माल मिरजेच्या नावावर खपवणं अवघड होईल. पण मानांकन ऑर्डर आणत नाही. महोत्सवाच्या मांडवावरचा पैसा चार दिवसांत संपतो. तोच थोडा संगीत शाळांमधल्या वाद्यांच्या दुरुस्तीला दिला तर कारागिराला वर्षभर काम मिळेल, असं माझं मत.

तुमच्या ओळखीच्या शाळेत कपाटामागे तंबोरा पडला असेल तर आधी भोपळ्याला चीर किंवा भोकं आहेत का पाहा. भोकांखाली बारीक भुसा दिसला तर कीड लागली आहे. तो इतर वाद्यांपासून दूर ठेवा. भोपळा शाबूत असेल तर गंजलेल्या तारा बदला आणि जवारी काढून घ्या. नेताना तारा थोड्या सैल करा, घोडीखाली मऊ कापड घाला, आणि भोपळा गाडीत मांडीवर घेऊन बसा, डिकीत नको.