पहिल्या पावसातून जाणाऱ्या भावाला

काल अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे आपल्या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग संपल्यावर तू विचारलंस, "दारू सोडून बावीस दिवस झाले, देव अजून ऐकत कसा नाही?" अरे, हर्णैच्या किनाऱ्यावर बसून मीही हेच विचारायचो.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या. दारू सोडल्यावरचा माझा पहिला पाऊस असाच गेला. संध्याकाळचे सात वाजले की जीव गुत्त्याकडे ओढायचा. वडिलांनी एक शब्द न बोलता फाटकं जाळं मांडीवर टाकलं. एक गाठ मारायची, ती सुटायची, परत मारायची. मान वर केली तेव्हा साडेनऊ झाले होते. ती रात्र टळली. माझ्यासाठी देवाचं ऐकणं ते होतं.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ आपण मनापासून देतो, पण जाळं आधी सांधून ठेवलेलं असतं ना? अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीत देव 'आपल्याला समजेल तसा' आहे. तुझा गणपती असो, ग्रामदेवता असो, नाहीतर नुसता समुद्र. आजच्यापुरतं त्याच्यावर सोपव.

एक मात्र नीट ऐक. कधी घसरलास आणि पुन्हा सोडताना हात थरथरले, भास झाले, तर देवावर हवाला ठेवून घरी थांबू नकोस. फिट येऊ शकते, जीवावर बेततं. सरळ डॉक्टरकडे जा.

आणि सात वाजता मला फोन कर. बोलायला काही नसलं तरी कर.