कांडीवाल्याचं नाव आधी लिही

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

बाबांचे यंत्रमाग आता तू चालवतेस हे कळलं. फार बरं वाटलं. सुताचा भाव, सायझिंगची (सुताला खळ लावण्याची) उधारी, व्यापाऱ्याची चालढकल हे तू अनुभवाने शिकशील. आज मी फक्त कामगारांच्या विम्याबद्दल लिहितोय. या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे, आणि त्या चुकीची झळ माझ्याआधी दुसऱ्याच्या घराला लागली.

तेव्हा इचलकरंजीत माझे चोवीस साधे माग होते. एका रात्रपाळीला धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन मागातून ये-जा करणारा तुकडा, उडाला. त्याच्या टोकाला लोखंड असतं, तुला माहीतच आहे. मागांमधल्या बोळातून कांड्यांची, म्हणजे धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्यांची, पेटी घेऊन येणाऱ्या कांडीवाल्या पोराच्या डाव्या डोळ्यावर तो बसला. तेवीस वर्षांचा पोर. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्या डोळ्यावर धरलेला माझा टॉवेल पूर्ण भिजला होता. डोळा गेला. सकाळी पॉलिसी काढून बघितली, तर तिच्यात विणकर आणि जॉबर (माग दुरुस्त ठेवणारा कारागीर) एवढेच. हप्ता कमी बसावा म्हणून कांडीवाले, घडीवाले मीच वगळायला सांगितले होते. कंपनीने मस्टर, म्हणजे हजेरीचं पुस्तक, मागितलं, त्यातही त्याचं नाव नव्हतं. तो जॉबरच्या ओळखीने आलेला, पगारही जॉबरच्या हातून जायचा.

मग मी समजुतीने थोडे पैसे दिले आणि स्टँप पेपरवर 'यापुढे काही मागणार नाही' अशी सही घेतली. वर्षभराने नोटीस आली. कायद्यासमोर त्या कागदाला काडीचीही किंमत नव्हती, आणि ते योग्यच आहे. भरपाईचा हक्क कामगाराला करार करूनसुद्धा सोडता येत नाही. जॉबरने किंवा ठेकेदाराने आणलेल्या माणसाचीही जबाबदारी मूळ मालकावर येते. मी चार माग विकून पैसे भरले. पण ते एक वर्ष त्याने कसं काढलं असेल, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

आता तुझ्याकडचं बघू. पहिल्यांदा माणसं मोज, आणि खरी मोज. दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागतो. मालकाने पगाराच्या ३.२५ टक्के भरायचे, कामगाराचे ०.७५ टक्के. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला माणूस त्यात येतो, आणि अपघाताची भरपाई मग ईएसआयचं महामंडळ देतं. दहाच्या आत राहावं म्हणून एकच शेड भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर कागदोपत्री वाटायची पद्धत आपल्याकडे आहे. तू त्या वाटेला जाऊ नकोस.

दहाच्या खाली असशील, किंवा कुणाचा पगार ईएसआयच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर त्यांच्यासाठी भरपाईची पॉलिसी. मूळ कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशोबाची रीत तीच राहिली. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक, म्हणजे त्या वयासाठी कायद्याने ठरवलेला आकडा. या हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरायचा, ही मर्यादा जानेवारी २०२० ची. तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. बोट गेलं तरी हिशोब आहे. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के कमाईक्षमता गेली असं धरतात. जायबंदीचा हिशोब मृत्यूपेक्षा वेगळा असतो, त्याने त्याच माणसाचे अडीच लाखांवर होतात.

आता मस्टरवर त्याचा पगार ८,००० दाखवला आहेस असं समज. विणकराला मीटरवर पैसे मिळतात, म्हणून आकडा दाबणं सोपं जातं. पण निकाल देणारा अधिकारी खरा पगार शोधतो. कंपनी पॉलिसीतल्या आकड्यावर थांबली तर ८,३१,९२० देईल आणि वरचे ७,२७,९३० तुझ्या अंगावर येतील. वर्षाला वाचलेला हप्ता त्यापुढे ठेवून बघ.

पॉलिसी घेताना एजंटाला तीन गोष्टी स्पष्ट विचार. दवाखान्याचा खर्च धरला आहे का? तो मालकानेच द्यायचा असतो, पण साध्या पॉलिसीत बऱ्याचदा नसतो. ठेक्याची माणसं आत आहेत का? आणि धंद्यामुळे होणारे आजार? मागाच्या आवाजाने येणारा बहिरेपणा आणि कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, दोन्ही कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या शेडमध्ये मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही, ही आपण मजेची गोष्ट समजतो. ती नाही.

देव न करो, पण काही घडलंच तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळव. मृत्यू असेल तर पैसे घरच्यांच्या हातात थेट देऊन मोकळी होऊ नकोस. रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते, नाहीतर दिलेलं दिलं धरत नाहीत. महिन्याच्या आत भरलं नाही तर १२ टक्के व्याज लागतं, वर निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. दंड विमा कंपनी देत नाही. 'तो प्यायला होता', 'त्याने गार्ड काढला होता' असं लोक तुला शिकवतील. माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण जायबंदी झाला तर ही सबब चालत नाही.

विमा काढलास म्हणून धोट्याचे गार्ड लावायचे राहू देऊ नकोस. पिकर, म्हणजे धोट्याला ठोकर देणारा भाग, झिजला की लगेच बदल, विणकराने सांगायची वाट बघू नकोस.

येत्या आठवड्यात मस्टर आणि पगाराची वही घेऊन घरी ये. आधार कार्डांच्या झेरॉक्सही आण, वयाचा पुरावा लागतो. नव्या वहीत पहिलं नाव कांडीवाल्याचं लिहू, मग बाकीचे.

तुझा,
काका