निवडलेलं गिऱ्हाईक बिलावर का येत नाही?

प्रश्न : काकांचं अप्पा बळवंत चौकात शालेय पुस्तकांचं दुकान आहे. त्यांच्यासाठी मी सी शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्स वापरून, बिलाचा प्रोग्रॅम करतोय. बिलाच्या विंडोतून 'ग्राहक शोधा' ही विंडो उघडते. तिच्या ओके बटणात मी 'न्यू बिलफॉर्म' करून टेक्स्टबॉक्समध्ये नाव भरतो. एरर येत नाही, पण बिल कोरंच. मित्र म्हणतो, स्टॅटिक व्हेरिएबल (सगळ्या विंडोंसाठी एकच सामाईक जागा) वापर. वापरू का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : एरर कशाला येईल? नाव भरलं जातंय, फक्त भलत्याच बिलात. 'न्यू' म्हटलं की दुसरं कोरं बिल तयार होतं. ते तुम्ही पडद्यावर आणलेलंच नाही, आणि समोरच्या बिलाला त्याचा पत्ता नाही.

मुळात शोधाच्या विंडोला बिलाची ओळखच नको. उद्या काका म्हणतील, हीच विंडो उधारीच्या वहीलाही लाव. (म्हणतीलच.) तिने निवडलेला ग्राहक क्रमांक स्वतःच्या पब्लिक (बाहेरून वाचता येईल अशा) प्रॉपर्टीत ठेवावा आणि डायलॉगरिझल्ट, म्हणजे बंद होताना द्यायचं उत्तर, 'ओके' करावा, तेवढ्याने ती बंद होते. बिलाने तिला शोडायलॉगने (ती बंद होईपर्यंत बिल थांबेल अशी) उघडावं आणि 'ओके' परत आलं तरच क्रमांक वाचावा. फुलीवर टिचकी मारली तर 'कॅन्सल' येतं, तेव्हा बिलाला हात लावायचा नाही. शोडायलॉगची विंडो बंद झाली तरी नुसती लपते, म्हणून प्रॉपर्टी नंतरही वाचता येते; मात्र काम झाल्यावर डिस्पोज करा, म्हणजे तिने अडवलेली साधनं मोकळी होतील, किंवा सगळं युझिंगमध्ये घाला, म्हणजे ते आपोआप होईल. आत काही पाठवायचं असेल तर कन्स्ट्रक्टर (विंडो तयार होतानाच चालणारा कोड) आहेच. आणि क्रमांकच न्या, नाव नको. तुमच्याच पेठेत एका नावाचे दोन जोशी सहज निघतील.

स्टॅटिक? आज चालेल. जूनच्या गर्दीत एक पालक 'भूगोल राहिला' म्हणून मागे वळतील, तुम्ही त्यांचं बिल तसंच ठेवून दुसरं उघडाल, आणि दुसऱ्याचा क्रमांक पहिल्यावर बसेल. उधारी कुणाच्या नावावर, यावरून काउंटरवर होणारं भांडण प्रोग्रॅममध्ये दिसत नाही.

साठ्याची विंडो बिलाशेजारी उघडीच राहणार असेल, तर तिथे इव्हेंट वापरा: साठा बदलला की तिने कळवावं, बिलाने ऐकावं. बिल बंद होताना ऐकणं सोडायला विसरू नका, नाहीतर साठ्याची विंडो उघडी असेपर्यंत ते मेमरीत अडकून राहील.

जाता जाता : टेक्स्टबॉक्स तुम्ही बाहेरून दिसेल असा (बहुधा पब्लिक) केला असणार, एरवी हा कोड कंपाइलच झाला नसता. तो आधी प्रायव्हेट, म्हणजे फक्त बिलाच्याच कोडला दिसेल असा, करा. असं परस्पर भरणं आणखी कुठे केलंय, ते कंपायलरच दाखवील.